अंथरुणापासून अंगणापर्यंत : वार्धक्यातील व्यायामोपचाराचा इतिहास

वयाला मान देण्याच्या बाबतीत मराठी समाज कधी हात आखडता घेत नाही. साठीशांत होते, पंचाहत्तरी साजरी होते, सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी नातवंडे-पतवंडे जमून ओवाळतात. बृहन्महाराष्ट्रातील आपल्यासारख्या मंडळांत तर गणेशोत्सवाच्या एका संध्याकाळी ज्येष्ठ सभासदांना शाल-श्रीफळ देण्याचा प्रघातच आहे. या मानाचे एक रूप मात्र असे आहे की, त्याकडे सहसा कोणी संशयाने पाहत नाही. घरातील वडीलधारे माणूस उठू लागले की चार जण धावतात. "तुम्ही बसा, आम्ही आणतो," असे म्हणून पाण्याचा तांब्या हातात दिला जातो, चपला पायांशी ठेवल्या जातात, पुढे पुढे ताटही खाटेशी येते. हे कृतज्ञ घराचे लक्षण समजले जाते आणि एका अर्थी ते खरेही आहे. पुढे एके दिवशी तेच माणूस उठू पाहते आणि त्याला उठता येत नाही. तेव्हा सर्व जण एकमुखाने म्हणतात, वय झाले.

वय झालेले असते यात शंका नाही. परंतु त्या न उठण्यात वयाचा वाटा किती आणि बसवून ठेवण्याचा वाटा किती, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याला विचारला. ज्या शास्त्राने त्याचे उत्तर शोधले त्यास आज सर्वत्र फिजिओथेरपी म्हणतात. मराठीत भौतिकोपचार हा शब्द रूढ आहे. या शास्त्राचा इतिहास वरवर पाहता मालीश, कवायत, विजेची यंत्रे आणि कुबड्या यांचा वाटतो. त्याच्या पोटात एक दुसरा इतिहास आहे. म्हाताऱ्या माणसाला विश्रांतीच्या नावाखाली जे बंधन घातले गेले ते सुटत कसे गेले, याची ती हकीकत आहे आणि प्रस्तुत लेखात तीच मांडावयाची आहे.

बंधनाचे मूळ पुष्कळ जुने आहे. आपल्या आयुर्वेदात व्यायामाची थोरवी गायिली आहे हे सर्वांना ठाऊक असते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाने अंग हलके होते, कामाचा उरक वाढतो, अग्नी प्रदीप्त होतो, असे सांगितले आहे. बलवानानेसुद्धा आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, हा तेथील सल्ला आजही कोणी नाकारणार नाही. परंतु त्याच ठिकाणी व्यायाम कोणी टाळावा याचीही यादी आहे. वातपित्ताचे विकार असलेला, बालक आणि अजीर्ण झालेला यांच्या पंक्तीला तेथे वृद्धही बसविला आहे. अभ्यंगाची मात्र नित्य आज्ञा आहे, आणि अभ्यंग जरेचा परिहार करतो असे त्याचे फळही सांगितले आहे. थोडक्यात, म्हाताऱ्याच्या वाट्याला तेल आले, व्यायाम आला नाही. ज्या काळी व्यायाम म्हणजे घाम फुटून छाती भरून येईपर्यंतचे श्रम, त्या काळाचा हा निर्णय अविचारी होता असे म्हणता येत नाही. शिवाय त्या काळचा वृद्ध शेतावर जात होता, नदीवर स्नानाला जात होता, जमिनीवर बसत-उठत होता. व्यायाम सोडला तरी हालचाल त्याला सोडीत नव्हती. तो निर्णय तसाच उचलून आपण तो चौथ्या मजल्यावरील खोलीत लागू केला, ही आपली करामत.

पाश्चात्त्य परंपरेत याहून वेगळा एक सूर क्वचित ऐकू येतो. दुसऱ्या शतकातील थोर वैद्य गॅलेन याने आरोग्यरक्षणावरील आपल्या ग्रंथात वृद्धांसाठी स्वतंत्र विवेचन केले आहे. त्यात अँटिओकस नावाच्या वैद्याचे उदाहरण आहे. ऐंशी उलटल्यावरही हा गृहस्थ घरापासून नगरचौकापर्यंत रोज पायी जात असे आणि जवळपासचे रुग्णही पायीच जाऊन पाहत असे. परंतु अशी उदाहरणे कौतुकापुरती राहिली. त्यांतून उपचारपद्धती निर्माण झाली नाही.

आधुनिक भौतिकोपचाराची सुरुवात सामान्यतः पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश तलवारबाजी-शिक्षकापासून धरतात. १८१३ साली त्याने स्टॉकहोम येथे राजाश्रयाने व्यायामविद्येची एक संस्था स्थापन केली. सैनिकांची कवायत आणि रुग्णांची कवायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीतही पद्धत, क्रम व मोजमाप असू शकते, ही त्या संस्थेची देणगी होय. त्याच शहरात गुस्ताफ झांडर याने १८६५ साली वजने, तरफा आणि चाके यांनी चालणाऱ्या व्यायामयंत्रांचे दालन उघडले. आजच्या जिममधील यंत्रांचे ते आजोबा म्हणावयास हरकत नाही.

इंग्लंडमध्ये या व्यवसायाचा जन्म जरा चमत्कारिक परिस्थितीत झाला. १८९४ साली लंडनमधील काही मालीशगृहांच्या आडून अनैतिक व्यवहार चालतात, असे वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांवर संशयाचे सावट आले. तेव्हा ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी मिळून प्रशिक्षित मालीशकर्त्यांची एक संस्था काढली. डॉक्टरच्या सूचनेवाचून उपचार करावयाचा नाही, असे कडक नियम त्यांनी स्वतःवरच लादून घेतले. १९२० साली या संस्थेला राजसनद मिळाली. इंग्लंडातील भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची संस्था ती हीच. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन या दूरच्या गावी १९१३ साली मालीशविद्येचे विद्यालय निघाले. त्या गावाचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे, म्हणून तो येथे करून ठेवतो.

पहिल्या महायुद्धाने या विद्येला एकदम प्रतिष्ठा दिली. हातपाय गमावलेले हजारो तरुण परत आले आणि त्यांना पुन्हा कामावर उभे करणे ही राष्ट्राची गरज झाली. अमेरिकेत मेरी मॅकमिलन यांच्या पुढाकाराने १९२१ साली या क्षेत्रातील स्त्रियांची संघटना उभी राहिली. त्यानंतर पोलिओच्या साथींनी लहान मुलांचे लुळे पाय या तज्ज्ञांच्या हाती सोपविले. आता या सर्व इतिहासात म्हातारे माणूस कोठे आहे, असे विचारले तर ते कोठेच नाही. शिपायाला पुढे नोकरी करावयाची होती, मुलाला पुढे आयुष्य काढावयाचे होते. म्हाताऱ्याला पुढे काय करावयाचे होते? वृद्धवैद्यकाला जेरिॲट्रिक्स हे नाव इग्नाझ नाशर याने १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये दिले खरे, पण नाव मिळाल्यावर पाव शतक लोटले तरी मूल पाळण्यातच होते.

त्याला चालते केले ते मार्जरी वॉरेन या डॉक्टर बाईंनी. त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या इतिहासातील निर्णायक पान त्यांच्या नावे आहे आणि आपल्याकडे ते नाव जवळजवळ अपरिचित आहे.

वॉरेन बाई लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात काम करीत. त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. १९३५ साली शेजारचे निर्धनगृहाचे जुने रुग्णालय त्यांच्या रुग्णालयाला जोडले गेले आणि तेथील ७१४ खाटांची जबाबदारी बाईंवर आली. इंग्लंडमधील निर्धनगृहे म्हणजे ज्यांना कोणी नाही अशांचे शेवटचे ठिकाण. त्या खाटांवर म्हातारी माणसे वर्षानुवर्षे पडून होती. त्यांची नीट तपासणी कोणी केलेली नव्हती. अर्धांगाचा झटका आलेला, खुबा मोडलेला, मन खचलेला, आणि ज्याला काहीच विशेष झालेले नाही परंतु जाण्यास घर नाही असा, हे सर्व एकाच ओळीत झोपविलेले होते. जुनाट रोगी एवढेच सर्वांचे निदान होते.

बाईंनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. त्यांनी प्रत्येक रुग्णाला तपासले. त्यानंतर रुग्णांचे वर्ग पाडले. भिंतींना उजळ रंग दिला, धरून चालता येईल असे कठडे बसविले, खुर्च्या बदलल्या, रुग्णांना अंगावर नीट कपडे घालून दिवसा खाटेबाहेर आणले. डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि समाजसेविका यांनी एकाच रुग्णाचा एकत्र बसून विचार करावा, ही आज सर्वमान्य झालेली पद्धत त्यांनी त्या वॉर्डांत रुजविली. अर्धांगाच्या रुग्णांवर त्यांचे विशेष लक्ष असे. परिणाम असा झाला की, मरणाची वाट पाहत आहेत असे ज्यांच्याविषयी गृहीत धरले होते, त्यांपैकी अनेक जण चालू लागले आणि कित्येक घरी गेले. १९४३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि १९४६ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी आपले म्हणणे मांडले. वृद्धांचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा असली पाहिजे आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात तिचा विभाग असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. वृद्धाला खाटेवर ठेवणे हा उपचार नसून उपचाराचा अभाव आहे, हे त्यांच्या सगळ्या कामाचे सार होते.

हे म्हणणे वॉर्डांतील अनुभवातून आले होते. त्याला शास्त्राचा पाठिंबा हळूहळू मिळत गेला. १९४७ साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरने खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत परंतु जहाल लेख लिहिला. पडून राहणाऱ्याच्या पायाच्या नीलांत रक्त गोठते, फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो, पाठीला व टाचांना जखमा होतात, सांधे आखडतात, हाडांतील चुना निघून जातो, मूत्राशयात खडे होतात, मलावरोध होतो आणि मनही मंदावते, हे त्याने एकेका अवयवाच्या क्रमाने दाखविले. तोवर विश्रांती हे निरुपद्रवी औषध समजले जाई. या लेखानंतर त्या औषधालाही मात्रा आणि विषार असतो, हे डॉक्टरमंडळी ध्यानात घेऊ लागली.

हृदयविकाराची कथा तर अधिक बोलकी आहे. झटका आलेल्या रुग्णाला त्या काळी चार-सहा आठवडे निश्चल झोपवून ठेवीत. बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकरच उचलून आरामखुर्चीत बसविण्यास आरंभ केला आणि आपले अनुभव १९५२ साली प्रसिद्ध केले. सहकारी डॉक्टरांचा विरोध एवढा की, हा रुग्णांवर केलेला अत्याचारच आहे असे काहींना वाटले. रुग्ण मात्र सुधारले. खुर्चीत बसविणे ही त्या काळी क्रांती होती, हे आज खुर्चीतून न उठणाऱ्या आपल्या पिढीला सांगितले तर गंमत वाटेल.

पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून एक प्रयोग झाला. तीन आठवड्यांअखेर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा असे आढळले की, विशीतील तीन आठवड्यांच्या अंथरुणाने त्यांची जेवढी हानी केली होती तेवढी मधल्या तीस वर्षांनी केली नव्हती! त्यांना सहा महिने क्रमाने व्यायाम दिला आणि तीस वर्षांची ती घटही भरून निघाली. प्रयोग पाचच माणसांवरचा आहे, हे मान्य करूनही त्याचा इशारा नजरेआड करता येत नाही. विशीतला गडी तीन आठवड्यांत एवढा खचत असेल, तर तापाने पंधरा दिवस झोपलेल्या ऐंशीच्या आजीबाईंचे काय होत असेल?

मोडलेल्या खुब्याचा विचार येथेच केला पाहिजे. आजी न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला आणि त्यांनी जे अंथरूण धरले ते शेवटपर्यंत, ही कथा प्रत्येक मराठी घराण्यात एकदा तरी घडलेली आहे. पायाला वजने बांधून महिनोन्महिने झोपविणे हाच पूर्वी उपाय होता. १९३१ साली स्मिथ-पीटरसन या अमेरिकन शल्यज्ञाने तीन धारांचा खिळा ठोकून हाड जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया टिकाऊ स्वरूपात सिद्ध केली. आज शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला उभे करतो. घरच्यांना ते निर्दयपणाचे वाटते. पण शल्यज्ञाचा खिळा हाड जोडतो, माणसाला पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत नेतो तो हा दुसरा दिवस.

आता आपल्या देशाकडे वळू. येथील प्रवाह दोन आहेत आणि ते दीर्घकाळ एकमेकांस न भेटता वाहिले.

एक प्रवाह आखाड्याचा. त्याचा एक मोठा घाट महाराष्ट्राबाहेर, बडोद्यास होता, हे बृहन्महाराष्ट्रीय वाचकांना सांगताना आनंद होतो. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव हे जसे व्यायामाचार्य होते तसे हाड बसविण्यात आणि अंगमर्दनातही निष्णात होते; शरीर घडविणे आणि मोडलेले शरीर दुरुस्त करणे या त्यांच्या लेखी एकाच विद्येच्या दोन बाजू होत्या. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश संपादिला तोही बडोद्यासच. दुसरे नाव औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे. १८६८ साली जन्मलेल्या या राजाने सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवितकार्य मानले आणि स्वतःचा नेम उतारवयातही सोडला नाही. १९३६ साली ते विलायतेस गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. अडुसष्टीच्या घरातील माणसाची ती चपळाई पाहून त्या इतक्या प्रभावित झाल्या की १९३८ साली राजेसाहेबांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक त्यांच्याच संपादनाने निघाले. वृद्धाने व्यायाम टाळावा, या समजुतीला आपल्याच मातीतून मिळालेले हे उत्तर होते. परंतु राजेसाहेबांनी तो नेम तरुणपणापासून चालविला होता. ज्याने सत्तरीपर्यंत कधी अंग मोडले नाही त्याने काय करावे, याचे उत्तर आखाड्याकडे नव्हते.

दुसरा प्रवाह रुग्णालयाचा. पुण्याचे सैनिकी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे. म्हणजे येथेही सुरुवात युद्धातूनच झाली. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला; तिच्यासाठी उपचार शोधणाऱ्या या मातेने डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने १९४७ साली मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. १९५२-५३ च्या सुमारास परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय निघाले. १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटनाही अस्तित्वात आली. दक्षिणेत वेल्लोर येथे डॉ. मेरी व्हर्गीस यांनी, १९५४ च्या मोटार अपघातात स्वतः कमरेखाली लुळ्या झालेल्या असताना, चाकांच्या खुर्चीतून काम करीत पुनर्वसन विभाग उभारला. १९६६ साली तेथे रुग्णांना ठेवून घेऊन शिकविणारी पुनर्वसनसंस्था सुरू झाली. देशभर पसरलेल्या पहिल्या पिढीच्या भौतिकोपचारतज्ज्ञांपैकी पुष्कळ जण मुंबईत शिकलेले होते.

या प्रवाहातही शिपाई, बालक आणि कामगार हेच पुढे होते. वृद्धांसाठी स्वतंत्र दार उघडले ते मद्रासला. डॉ. व्ही. एस. नटराजन यांच्या पुढाकाराने तेथील सरकारी रुग्णालयात १९७८ साली वृद्धांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला आणि १९९६ साली मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आला. केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर २०१०-११ साली आला. २०११ च्या जनगणनेत साठीवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. त्यांच्यापर्यंत पोहोचू शकणाऱ्या प्रशिक्षित हातांची संख्या पाहिली म्हणजे योजना कागदावर का अडते ते समजते. भौतिकोपचारतज्ज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला देशव्यापी कायद्याची चौकट मिळाली तीही २०२१ साली. तोवर मालीशवाला आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांतील फरक देशभर एकसारखा सांगण्याची सोय नव्हती.

येथपर्यंतच्या इतिहासाने एवढेच सिद्ध केले होते की, झोपून राहिल्याने अपाय होतो. अतिवृद्ध शरीरात नव्याने बळ निर्माण होऊ शकते काय, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १९९० साली मारिया फियाटारोने यांनी बोस्टनच्या एका वृद्धालयातून दिले. शहाऐंशी ते शहाण्णव वर्षांच्या दहा अशक्त रहिवाशांना त्यांनी निवडले. हातपाय हळुवार हलविण्याचा नेहमीचा मवाळ व्यायाम त्यांनी दिला नाही. प्रत्येकाला पायाने जेमतेम एकदा उचलता येईल अशा वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचे वजन उचलावयास लावले, आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे. नऊ जणांनी अभ्यासक्रम पुरा केला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांनी काठी सोडली. हातांचा आधार घेतल्यावाचून खुर्चीतून उठता न येणाऱ्या तिघांपैकी एक जण तसा उठू लागला. आणि व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांत मिळालेले बळ ३२ टक्क्यांनी ओसरले, हीही नोंद त्यांनी प्रामाणिकपणे करून ठेवली. नव्वदीतील स्नायूही शिकतो आणि नव्वदीतील स्नायूही विसरतो, असा या प्रयोगाचा दुहेरी अर्थ आहे.

आता ड्युनेडिनकडे जाऊ. बोस्टनची यंत्रे सर्वांच्या घरी कोठून यावयाची? मालीशविद्यालयाच्या त्या गावी ओटागो विद्यापीठातील डॉ. जॉन कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्या घरी करता येईल असा कार्यक्रम आखला आणि ऐंशी वर्षांवरील २३३ स्त्रियांवर त्याची कसोटी घेतली. निम्म्या जणींकडे भौतिकोपचारतज्ज्ञ पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाई. घोट्याला बांधण्याची लहान वजने, एका पायावर उभे राहणे, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणे, मागे चालणे, खुर्चीतून उठणे, आणि या सर्वांच्या जोडीला फिरावयास जाणे, एवढाच सरंजाम. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास. वर्षाअखेर व्यायाम न केलेल्या गटात १५२ वेळा पडझड झाली होती, व्यायाम केलेल्या गटात ८८ वेळा. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि ओटागोचा कार्यक्रम जगभर गेला.

या कार्यक्रमाचा गाभा ध्यानात घेण्यासारखा आहे. म्हातारे माणूस पडते ते केवळ पाय घसरला म्हणून नव्हे. घसरल्यावर तोल सावरण्यासाठी पुढचे पाऊल झटकन व जोराने टाकावे लागते. ते टाकण्याचे बळ मांडीत आणि घोट्यात उरलेले नसते. शिवाय एकदा पडलेले माणूस भीतीने हालचाल कमी करते, हालचाल कमी झाली की बळ कमी होते, आणि बळ कमी झाले की पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. घरचे लोक "आता कोठे जाऊ नका" म्हणतात तेव्हा ते या चक्राला नकळत आणखी एक धक्का देत असतात. भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम हे चक्र उलट दिशेने फिरविण्याचे असते. त्यासाठी त्याच्याजवळ परीक्षाही साध्या आहेत. खुर्चीतून उठून तीन मीटर चालावयाचे, वळून परत येऊन बसावयाचे, आणि किती सेकंद लागले ते मोजावयाचे. १९९१ पासून जगभर वापरात असलेली ही चाचणी घड्याळ असलेल्या कोणासही घेता येईल. तिचा अर्थ मात्र जाणकाराने लावावा.

आणखी एक चाचणी आपल्याला विशेष जवळची वाटावी. ब्राझीलमधील डॉ. क्लॉडिओ अराऊजो यांनी ५१ ते ८० वर्षांच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून उठावयास सांगितले. हात, गुडघा किंवा मांडी यांचा आधार जितक्या वेळा घ्यावा लागेल तितके गुण कमी. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. पंगतीत पाटावर मांडी घालून बसणारा आणि वाढपी येताच उठून वाढावयास लागणारा आपला समाज ही परीक्षा दिवसातून दोनदा देत होता! जेवणाचे टेबल आले आणि परीक्षा बंद झाली. अर्थात यावरून उद्यापासून सर्व ज्येष्ठांनी जमिनीवर बसावे असा अर्थ कोणी काढू नये. खालच्या बैठकीने आयुष्य वाढते असे तो अभ्यास म्हणत नाही. ज्याला उठता येते त्याच्या शरीरात बळ, लवचीकपणा आणि तोल शिल्लक आहे, एवढेच तो सांगतो. झिजलेल्या गुडघ्यांवर हट्टाने उकिडवे बसण्यात शहाणपण नाही. तेथे खुर्चीतूनच दहा वेळा उठणे-बसणे अधिक श्रेयस्कर.

स्त्रियांसंबंधी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. पुरुष निवृत्त होतो तेव्हा निदान सकाळी फिरावयास बाहेर पडतो. बाईला निवृत्ती मिळते ती सून आल्यावर किंवा स्वयंपाकाला बाई लागल्यावर. तिचे जे काम कमी होते तोच तिचा व्यायाम होता, आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे अधिक वेगाने ठिसूळ होतात, म्हणजे हालचालीची गरज वाढते त्याच वेळी ती संपते. आपल्या परंपरेत मंगळागौरीचे झिम्मा, फुगडी, पिंगा हे खेळ होते. तोल, ताल, वळणे, गुडघ्यांची वाकवण, सारे त्यांत होते. ते नवपरिणित मुलींचे मानले गेले खरे, परंतु अलीकडे साठीच्या बायका हौसेने मंडळे करून ते खेळतात. कोणी त्यास थिल्लरपणा म्हणतात. ओटागोच्या डॉक्टरांनी तसे म्हटले नसते.

परप्रांतात वाढलेल्या मंडळांचा प्रश्न थोडा निराळाही आहे. गावाकडे म्हाताऱ्याला देऊळ होते, पार होता, शेजारी होते. चालत जाण्यास कारण होते. ज्या पिढीने नोकरीनिमित्त येथे येऊन ही मंडळे उभारली, तिची मुले पुढे बंगळूरला किंवा परदेशी गेली आणि मागे उरलेल्या दोघांना घराबाहेर पडण्याचे निमित्त म्हणजे बहुधा मंडळाचा कार्यक्रम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीवरील लोकांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल व बळाचे व्यायाम सुचविले आहेत. ती मिनिटे एकट्याने मोजण्यापेक्षा दहा जणांनी मिळून मोजली तर टिकतात. सभागृह सकाळी रिकामेच असते, खुर्च्या भिंतीशी रचलेल्या असतात, आणि आठवड्यातून एकदा भौतिकोपचारतज्ज्ञाला बोलावण्याचा खर्च उत्सवाच्या मांडवापुढे नगण्य आहे.

ड्युनेडिनच्या त्या कार्यक्रमातील तोलाच्या व्यायामांच्या क्रमात जिना चढणे-उतरणे सर्वांत शेवटी येते.  आपले सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. ज्यांनी या इमारतीसाठी दारोदार वर्गणी मागितली त्यांतील काही जण आज खालच्या ओट्यावर बसून वरचा कार्यक्रम ध्वनिवर्धकावर ऐकतात. दुसऱ्या बाजूच्या कठड्याचा विषय येत्या कार्यकारिणीपुढे ठेवावा आणि त्याच बैठकीत सकाळच्या वर्गाचा वारही ठरवून घ्यावा.